मधली सुट्टी: झाड झालेला मुलगा, खो-खो आणि न गेलेली सहल

या वेळचा पत्रांचा गठ्ठा जाड आहे. डिसेंबरचं तसंच असतं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की सगळं एकावर एक येऊन पडतं: क्रीडा सप्ताह, गॅदरिंग, सहल, मग संक्रांतीचा गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, मग 26 जानेवारीची कवायत. मार्च लागला की शाळा सकाळची होते, ऊन आणि परीक्षा एवढंच उरतं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत 31 वर्षं पाचवी ते आठवीला मराठी आणि इतिहास शिकवला, त्यामुळे या दिवसांत शाळेत कोण कुणावर का रुसलंय हे मला घरबसल्या कळतं. सगळ्या पत्रांना जागा नाही. पाच घेते.

बाई, माझा मुलगा सहावीत आहे. स्नेहसंमेलनात त्यांच्या वर्गाचं नाटक आहे आणि त्याला झाड केलंय. एकही वाक्य नाही, वीस मिनिटं हात पसरून उभं राहायचं. राजाचं काम ज्याला दिलंय त्याची आई शाळेत सारखी येत-जात असते. मी जाऊन बोलू का? शिवाय ड्रेसचे साडेसहाशे रुपये मागितलेत ते वेगळेच. – एक आई, जुळे सोलापूर

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही आहात, वर्गाच्या बाई आहेत, राजाची आई आहे. तुमचा मुलगा काय म्हणतो ते मात्र कुठंच नाही. आधी त्याला विचारा. तोही हिरमुसला असेल तर पुढचं बोलू. तो झाड व्हायला तयार असेल आणि वाईट फक्त तुम्हाला वाटत असेल, तर शाळेत जाऊ नका.

आमच्या सातवी 'ब'च्या नाटकात एकदा एक झाड होतं. पोरगं हौशी. कागदाची पानं नकोत म्हणून घरासमोरच्या लिंबाच्या ताज्या डहाळ्या तोडून आणल्या आणि अंगाला बांधल्या. डहाळ्यांबरोबर मुंग्या आल्या. दुसऱ्या प्रवेशात त्या शर्टात शिरल्या. मी विंगेतून बघतेय, पोराच्या डोळ्यांतून पाणी येतंय, पण हात काही खाली येत नाहीत. पडदा पडला तसा तो सगळं फेकून पाण्याच्या टाकीकडे पळाला. त्या नाटकातला राजा कोण होता ते आज मला आठवत नाही. झाड आठवतं. मध्ये नवी पेठेत भेटला, चाळिशीचा झालाय, पोट सुटलंय, म्हणाला, "बाई, मुंग्या विसरला नाहीत ना?"

आता तुमचा दुसरा मुद्दा. शाळेत येणाऱ्या-जाणाऱ्या पालकांच्या मुलांना चांगली कामं मिळतात का? मिळतात की ओ. मीही दिलीत. मुद्दाम नाही, पण तालमीला कोण वेळेवर येईल, कपडे कोण आणेल याचा विचार करताना तीच पाच नावं डोळ्यांसमोर येतात. नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत मी चिठ्ठ्या टाकायला लागले आणि माझं डोकं शांत झालं. तुमच्या बाईंना हे सुचवायचं असेल तर गॅदरिंग झाल्यावर, पुढच्या वर्षासाठी सुचवा. आत्ता गेलात तर राजा बदलणार नाही आणि झाडाकडे मात्र सगळे वेगळ्या नजरेनं बघायला लागतील.

मुलगा खरंच नाराज असेल तर त्याला पडदा मागायला सांगा. आमच्या शाळेत पडदा म्हणजे तारेवर ओवलेल्या दोन चादरी असायच्या. त्या ओढणाऱ्या पोराला सगळं नाटक तोंडपाठ असावं लागायचं, नाहीतर राजा मरायच्या आधीच पडदा. राजा वाक्य विसरला की हळूच सांगणाराही तोच.

साडेसहाशेचं मात्र उद्याच बोला, त्यात भीड नको. देशभरातल्या शाळांचे गणवेश शिवून पाठवणारं आपलं गाव, आणि इथं एका झाडाला साडेसहाशे? जुनी हिरवी साडी, चॉकलेटी टॉवेल आणि सुईदोरा. तेवढ्यात वडाचं झाड होतं.

बाई, मी सातवीत आहे. शाळेच्या खो-खो टीममध्ये आहे. पप्पा म्हणतात आता खेळ बंद, पुढच्या वर्षी एनएमएमएस परीक्षा आहे. सर म्हणतात तू सोडलंस तर टीम मोडेल. पप्पा मागावर रात्रपाळी करतात, त्यांना उलट बोलता येत नाही. – सातवी 'ब', अशोक चौक

बाळा, उलट बोलायची गरजच नाही. सुलट बोल. त्यासाठी आधी तुला त्या परीक्षेची पप्पांपेक्षा जास्त माहिती पाहिजे.

एनएमएमएस म्हणजे शिष्यवृत्तीची परीक्षा, ती आठवीत असते. सरकारी, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना बसता येतं, घरचं वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये, म्हणजे चार वर्षांचे 48,000. पप्पा हट्टाला का पेटलेत ते यावरून कळतं. पेपर दोन, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी 90 प्रश्न आणि 90 मिनिटं. आता महत्त्वाचं. या परीक्षेला बसायला सातवीत साधारण 55 टक्के मिळालेले असावे लागतात, आणि शालेय विषयांच्या पेपरात सातवीचा अभ्यासही येतो. म्हणजे पप्पा म्हणतात तशी ती 'पुढच्या वर्षी' नाही, निम्मी याच वर्षी आहे. हे तुझ्या विरुद्ध जाणारं आहे, तरी सांगते, कारण हे तू स्वतःहून सांगितलंस तर तुझ्या पुढच्या बोलण्याला वजन येईल.

मग कागद घे आणि सातही दिवस मांड. सराव किती वाजता, किती वेळ, घरी कधी पोचतोस. खो-खोचा सराव दीड तासाचा असतो, पण पोरं घरी येतात तीन तासांनी. मधला दीड तास कुठं जातो ते तुलाही माहितीय आणि मलाही. गाड्यावरची भेळ, कुणाच्या तरी सायकलची चेन, 'थांब की बे, जाऊ की'. तो दीड तास तू सोडलास तर खेळ सोडावा लागणार नाही. पप्पा रात्रपाळीवरून येऊन झोपून उठले, चहा झाला, की कागद पुढं ठेव. दमून आल्या आल्या नको.

आणि 'टीम मोडेल' हे सरांचं म्हणणं डोक्यावर घेऊ नकोस. आठ जण चौकोनात बसतात, नववा धावतो, आणि खो मिळाल्याशिवाय कुणाला उठता येत नाही. एकाच्या जिवावर चालणारा हा खेळच नाही. बारा-तेरा वर्षांच्या पोराला असं बोलून सर तुला अडकवतायत. हे त्यांना सांगू नकोस.

पप्पांसाठी दोन ओळी, त्यांना वाचून दाखव: दादा, तुमचं गणित बरोबर आहे. फक्त, संध्याकाळी दमून घरी येणारं पोर आठ वाजता पुस्तक घेऊन बसतं, असा माझा अनुभव आहे. न दमलेलं पोर मोबाईल घेऊन बसतं. एक चाचणी परीक्षा होईपर्यंत बघा, मग ठरवा.

मी याच वर्षी नोकरीला लागलो. सहावी ते आठवीच्या मुलांना वर्षात दहा दिवस दप्तराविना शिकवायचं, स्थानिक कारागिरी दाखवायची, असं नव्या शैक्षणिक धोरणात आहे. मुख्याध्यापकांनी ते काम माझ्यावर टाकलंय. 42 मुलं, पैसे शून्य. कुठं नेऊ? – एक शिक्षक, अक्कलकोट रोड

सर, तुमचा पत्ता अक्कलकोट रोड आणि तुम्ही मला विचारताय कुठं नेऊ? खिडकी उघडा. खट्-खटाक् ऐकू येतं ना, तिथं न्या.

आपल्या पोरांचं मला नेहमी नवल वाटतं. सोलापुरी चादर घरात अंथरलेली, चुलता मागावर, मामा प्रोसेसला, आणि चादरीवरचा मोर कसा उमटतो विचारलं तर म्हणतात, "छापतात." छापत नाहीत, विणतात. उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. धोटा बाण्याचा धागा घेऊन या टोकाकडून त्या टोकाकडे जातो. पण कुठल्या वेळी कुठला उभा धागा वर उचलायचा, हे ठरवतं वरचं जकार्ड. मुलांना मान वर करून तिकडं बघायला लावा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ सरकताना दिसेल. जिथं भोक तिथं धागा वर, जिथं भोक नाही तिथं धागा खाली. एक पुठ्ठा म्हणजे आडव्या धाग्याची एक ओळ. अशा शेकडो ओळी झाल्या की मोराची चोच दिसायला लागते. फ्रान्समध्ये जॅकार्ड नावाच्या माणसानं 1804 मध्ये ही युक्ती बसवली, आणि गणकयंत्राच्या मागे लागलेल्या बॅबेजनं भोकांच्या पुठ्ठ्यांची कल्पना त्यावरूनच उचलली. संगणकाच्या तासाला 'शून्य आणि एक' तुम्ही फळ्यावर किती वेळा लिहिलंत तरी पोरांना जे कळत नाही, ते तिथं दहा मिनिटांत कळतं. नव्या कारखान्यांत जकार्ड आता संगणकावर चालतं, म्हणून पुठ्ठ्यांचा जुना माग असलेला कारखाना शोधा. असे अजून आहेत.

परत आल्यावर चौकटीच्या वहीत प्रत्येकाला एक नक्षी काढू द्या. भरलेला चौकोन म्हणजे भोक. घरची चादर उलटी करून बघायलाही सांगा. तीच नक्षी, रंगांची अदलाबदल झालेली. का, ते त्यांचं त्यांना शोधू दे, लगेच सांगून टाकू नका.

आता मी खाल्लेल्या ठेचा. 42 पोरं एकदम आत नेऊ नका. दहा-दहाच्या तुकड्या करा, बाकीचे बाहेर कांड्या भरणाऱ्या बायकांजवळ बसतील, तिथंही शिकण्यासारखं पुष्कळ आहे. मुलींच्या वेण्या वर बांधलेल्या हव्यात, ओढण्या दप्तराबरोबर घरी. नाकाला रुमाल, आत रुईचे तंतू उडत असतात. मागाच्या बाजूला, धोट्याच्या रेषेत कुणाला उभं करू नका. धोटा कधी कधी उसळून बाहेर येतो आणि तो गोळीसारखा येतो. आवाजात तुमचं बोलणं ऐकू जाणार नाही, त्यामुळे 'बघा', 'मागं व्हा', 'बाहेर चला' या तीन खुणा वर्गातच ठरवून घ्या. आमची पहिली खेप या खुणांवाचून फसली. मी बाहेर येऊन मोजते तर 38 पोरं. चौघं आत दुसऱ्या रांगेत गुंग होऊन बसलेली.

एक गोष्ट अजून. वर्गातल्या कुणाचे वडील त्या कारखान्यात असतील तर माहिती त्यांनाच सांगू द्या, मालकांना नको. आमच्याकडे एका मुलाच्या वडिलांनी तुटलेला धागा सांधून दाखवला. चिमटीत दोन टोकं, एक पीळ, संपलं. आम्ही बाराजणांनी करून बघितलं, एकालाही जमलं नाही, मला तर नाहीच. तो मुलगा वर्गात कधी तोंड उघडायचा नाही. त्या दिवशी परत येताना रांगेत सगळ्यात पुढं चालत होता.

उरलेले नऊ दिवस? गणवेश शिवणारा कारखाना, भुईकोट किल्ला, हिप्परग्याचा तलाव. भैय्या चौकातलं डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या घरातलं स्मारक. 1910 मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस 1938 मध्ये पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेला आणि 1942 मध्ये तिथंच वारला, हे पोरांना पुस्तकातल्यापेक्षा त्या घरात उभं राहून सांगितलेलं बरं. नान्नजला माळढोक बघायला नेणार असाल तर आधीच सांगून ठेवा, माळढोक दिसायचा नाही. माळरान दिसेल, काळवीट दिसतील, आणि ते पुरे आहे.

नात आठवीत आहे. शाळेची दोन दिवसांची सहल, अठराशे रुपये. सून बिड्या वळते, एवढे पैसे एकदम निघत नाहीत. पण नातच म्हणते की मला जायचंच नाही, बसमध्ये उलटी होते. खरं असेल का? – एक आजी (पत्र नातवानं लिहिलं)

आजी, खोटं आहे. तुम्हालाही ते माहिती आहे, म्हणून तर पत्र लिहिलंत.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. दर वर्षी सहलीच्या दिवशी आजारी पडायची. मी हजेरीत 'आजारी' लिहायचे आणि पुढं जायचे. एका वर्षी सहलीहून आल्यावर मी सगळ्यांना 'आमची सहल' हा निबंध घातला. तिनं चार पानं लिहिली. बसमधली गाणी, कुणाची चप्पल पाण्यात वाहून गेली, डब्यातल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी, संध्याकाळचा गार वारा, सगळं. इतकं सुरेख होतं की मी ते वर्गात मोठ्यानं वाचलं. वाचून झालं तरी वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, ती आलीच नव्हती." ऐकलेल्या गोष्टींवरून लिहिलं होतं तिनं. ती खाली मान घालून बाकावर नखानं रेघ ओढत होती. मी काही बोलू शकले नाही. तो निबंध त्यानंतर मी कधी घातला नाही.

तुम्ही स्वतः शाळेत जा, सुनेचा रोज बुडवू नका. मुख्याध्यापकांना बाजूला घेऊन एवढंच विचारा, की पैसे महिन्या-महिन्यानं दिले तर चालतील का. बहुतेक शाळांत चालतं, विचारत कुणी नाही. आणि नातीसमोर बोलू नका, नाहीतर उलटीचं कारण ती शपथेवर सांगेल.

शाळावाले हे वाचत असतील तर: एसटी शालेय सहलींना भाड्यात 50 टक्के सवलत देते. दोन दिवस कशाला, नळदुर्ग पन्नासेक किलोमीटरवर आहे. सकाळी निघून किल्ला, बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल बघून संध्याकाळी घरी. सहल जूनमध्ये ठरवा आणि दर महिन्याला थोडे थोडे गोळा करा. डिसेंबरात अठराशे मागायचे आणि यादीत किती नावं कमी झाली ते मोजायचं नाही, हे मी केलंय, तुम्ही करू नका.

बाई, मी आठवीत आहे. 12 जानेवारीला चार हुतात्म्यांवर भाषण करायला माझं नाव दिलंय. आमच्या घरी तेलुगू बोलतात. बोलताना मी 'माझी पुस्तक' असं म्हणते आणि मुलं हसतात. भाषण लिहून दिलंय ते पाठ होत नाही. – आठवी 'अ', कन्ना चौक

अगं, पाठ होत नाही कारण ते तुझं नाही. 'आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि येथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो' यातच तुझा अर्धा श्वास जातो. ते काढून टाक. बाई रागावल्या तर माझं नाव सांग.

एका संध्याकाळी अम्माला घेऊन चार पुतळ्यांपाशी जा. खालची नावं मोठ्यानं वाच: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. आपल्याच गावातली ही चार माणसं. मे 1930 मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागू झाला, या चौघांवर खटला चालला आणि 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी दिली. कुर्बान हुसेन तर ऐन विशीतले, 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे. आता असं कर. तिथं उभं राहून पाच मिनिटं काय दिसतं ते बघ. रिक्षा, हॉर्न, पुतळ्यांकडे न बघता जाणारी माणसं. घरी येऊन लिही: 'काल मी चार पुतळ्यांपाशी गेले होते.' हे तुझं पहिलं वाक्य. पुढची वाक्यं आपोआप येतील आणि पाठ करावी लागणार नाहीत, कारण ते तू बघितलेलं असेल.

'माझी पुस्तक'चं म्हणशील, तर पुस्तक नपुंसकलिंगी का आणि वही स्त्रीलिंगी का, हे 31 वर्षांत मलाही कुणाला समजावून सांगता आलेलं नाही. सवयीनं येतं, तुलाही येईल. हसणाऱ्यांपैकी एकाला तेलुगूत शंभरपर्यंत आकडे म्हणायला सांग. वीसच्या पुढं जाणार नाही. लिहून झालं की भाषण एकदा अम्माला तेलुगूत सांगून बघ. तिला जिथं कळलं नाही तिथं तुलाही नीट कळलेलं नसतं, तेवढंच परत लिही. मग मराठीत आण.

भाषण झालं की मला कळव. पत्र तेलुगूत लिहिलंस तरी चालेल. माझ्या शेजारच्या अम्मा वाचून दाखवतात.